नाक बाहेर जातंय? स्प्रिंगा नंतर, आधी टायर

वळणात गाडीचं नाक बाहेर जातं, म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही ती हवी तितकी वळत नाही, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलायच्या, असं या चर्चेत वरच्या उत्तरांत ठरत आलंय. कृपया घाई करू नका. हे नक्की होतं कुठे? शिरताना ब्रेकवर, मध्यावर, की गॅस देताना? प्रत्येकाचं औषध वेगळं. शिरताना होत असेल तर ब्रेकचा जोर किंचित मागच्या चाकांकडे सरकवा, पण जपून, मागची चाकं लॉक झाली तर गाडी फिरेल. मध्यावर होत असेल तर पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) एक पायरी मऊ करा किंवा मागचा कडक. एका वेळी एकच.

आमच्या कॉलेजच्या टीमनं मे महिन्यात तळेगावजवळ मोकळ्या आवारात शंकू मांडून चाचणी घेतली. दुपारी डांबर असं तापलं की सकाळी मोजून भरलेली हवा ४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) चढली, आणि आम्ही तासभर बारच बदलत बसलो! शेवटी एका ज्युनिअरनं गाडी थांबताक्षणी पुढच्या टायरमध्ये पायरोमीटरची (तापमान मोजायच्या यंत्राची) सुई खुपसली. आतली कड ७० अंश सेल्सिअस, मध्य ८१, बाहेरची ७२. मध्य तापलेला म्हणजे हवा जास्त. ती उतरवली आणि नाक वळण धरू लागलं. बाहेरची कड सर्वांत गरम असती तर निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकवणं, वाढवावा लागला असता.

तुमच्या टायरच्या तापमानाचे तिन्ही आकडे इथे टाका, गरम टायरच्या हवेसकट. मग स्प्रिंगांचं बोलू.