महाबळेश्वर: अनलिमिटेड बुफे घ्यावा का? (अकरा जण, त्यात पैसे वसूल करणारे बाबा)

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन रात्री महाबळेश्वरला चाललोय. अकरा डोकी: आई-बाबा (७२ आणि ७८), आम्ही दोघं, ताई-भावोजी, भाऊ-वहिनी आणि तीन पोरं (४, ८ आणि १३). खोल्या झाल्या, गाडी झाली. अडलंय ते रात्रीच्या जेवणावर.

हॉटेलात खाली बुफे आहे. माणशी ४५० अधिक जीएसटी, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याखालच्यांना फुकट. नऊ पूर्ण, एक अर्धं, पाच टक्के टॅक्स धरून एका रात्रीचे ४,४९० च्या आसपास होतात. अकरा जणांचं मेनूकार्डावर एकमत होईपर्यंत पोरं झोपतात, त्यामुळे बुफे सगळ्यांनाच पसंत आहे. पाय मागे घेतोय तो मी एकटाच, आणि त्याचं कारण बाबा.

बाबांना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. घरी साडेसातला दीड भाकरी, वरण, पालेभाजी. वर कोणी आग्रह केला तर ताटावर हात आडवा. पण हा माणूस पगाराच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब वहीत लिहीत आलाय. एकदा पैसे भरले की ते ‘वसूल’ व्हायलाच हवेत. दोन वर्षांपूर्वी याच गावात एका हॉटेलात बुफेला गेलो होतो. आम्ही सूपवर असताना बाबांनी तीन गुलाबजाम, मग नूडल्स (आयुष्यात पहिल्यांदा!), मग परत गुलाबजाम असा क्रम लावला. त्यात साडेआठला टूरची बस आली, पनीर संपलं, ‘येतंय, येतंय’ म्हणत ते शेवटपर्यंत आलंच नाही. भाचीच्या ताटात अर्धी पुरी उरली म्हणून बिलात शंभर रुपये दंड. रात्रभर बाबांची शुगर मोजत बसलो. आई म्हणाली, पंगतीत निदान वाढपी माणूस बघून वाढतो.

शिवाय बाबांचे गुडघे. ताट धरून रांगेत उभं राहणं त्यांना जमत नाही आणि दुसऱ्यानं वाढून आणलेलं चालत नाही.

तर प्रश्न असे:
१. बुफे घ्यावा की बाजारात थाळी? थाळीही अनलिमिटेडच असते, म्हणजे बाबांचा प्रश्न तिथेही आहे.
२. दंडाचं आधी कसं विचारायचं?
३. असे बाबा तुमच्याकडे आहेत का? काय करता?

---

वाईकर: तिसऱ्यापासून सुरू करतो. आमच्याकडे सासरे आहेत. उपाय एकच, दर कळू द्यायचा नाही. खोली घेतानाच ‘एमएपी’ घ्या, म्हणजे नाश्ता आणि एक जेवण खोलीच्या भाड्यातच. (‘सीपी’ म्हणजे फक्त नाश्ता, ‘एपी’ म्हणजे तिन्ही वेळचं.) जेवणाचं वेगळं बिल टेबलावर येत नाही, मग वसूल काय करणार? आणि पसरणी घाट चढायच्या आधी वाईतच दुपारचं नीट जेवून घ्या. वर पोचेपर्यंत कोणालाच भूक उरत नाही.

जुना स्टुअर्ड: दहा वर्षं हिल स्टेशनच्या किचनमध्ये काढलीत, म्हणून दोन गोष्टी सांगतो. स्वस्त बुफेत सूप, पापड, सॅलड, भात, नूडल्स पुढे आणि पनीर शेवटी, ते उगाच नाही. पोट भरल्यावर माणूस पनीरपाशी पोचतो. ताटंही मुद्दाम लहान. बऱ्याच ठिकाणी पनीर, कोफ्ता आणि मिक्स व्हेज एकाच लाल ग्रेव्हीतून निघतात, त्यामुळे ‘बारा पदार्थ’ या बोर्डावर जाऊ नका. आधी ताट न घेता एक चक्कर मारा. भांड्याखालची आच विझलेली असेल तर तो पदार्थ सोडा. गरम अन्न ६० अंशांच्या वर राहायला हवं, कोमट रश्शात जंतू झपाट्यानं वाढतात. मेयोनीजचं सॅलड तर रात्री दहाला अजिबात घेऊ नका.
वेळेचं म्हणाल तर दार उघडताच जा. टूरची बस आज येणार आहे का, हे रिसेप्शनला दुपारीच विचारा. खरं सांगतात, त्यांनाही साडेआठची गर्दी नको असते. आणि काकांसाठी कोपऱ्यातलं टेबल मागून घ्या. ज्येष्ठांना टेबलावर वाढायला कोणी नाही म्हणत नाही, फक्त मागावं लागतं. वाढणारा परका असला की काका हात आडवा करतील, बघा.

बिलबघ्या: दंडाचं आधी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, तोंडी नको. सर्व्हिस चार्ज परस्पर लावला तर काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच तसे निर्देश दिलेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते कायम ठेवलेत. ऐकलं नाही तर १९१५ ला फोन. जीएसटीही बघा. खोल्या साडेसात हजारांच्या वरच्या असतील तर तिथल्या रेस्टॉरंटला पाच नाही, १८ टक्के लागू शकतो.

सुनंदाताई: काकांना शुगरची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर जेवणाची वेळ सांभाळा, बुफे नऊपर्यंत लांबवू नका. दुसऱ्या दिवशी प्रतापगडाला जाणारच असाल तर पायथ्याशी पिठलं-भाकरी, ठेचा, ताक घ्या. आमचे बाबा तिथेच सगळ्यात खूश होते. स्ट्रॉबेरी क्रीमचं मात्र त्यांच्यासमोर नाव काढू नका.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. स्टुअर्डदादा, टेबलावर वाढायची कल्पना आईला इतकी आवडली की तिनं स्वतःच हॉटेलला फोन केला. ते ‘हो’ म्हणाले. पहिल्या रात्री साडेसातला बुफे, दंड नाही हे मेसेजवर लिहून घेतलंय. दुसऱ्या दिवशी प्रतापगड, पिठलं-भाकरी, आणि रात्री फक्त मूगडाळीची खिचडी. वाईकर, एमएपी घेतला.

फक्त फोन स्पीकरवर होता. बाबांनी पेपर खाली ठेवून विचारलं, “नाश्ता धरलाय म्हणजे त्याचे पैसे आधीच दिलेत ना?”