घरात इंटरनेट रेडिओ: तुम्ही काय बसवलंत, रोज कसं चालतं?

आमचं घर वेळणेश्वरला. आण्णा ७८ वर्षांचे. पहाटे उठलं की चुलीवर पाणी ठेवायच्या आधी रेडिओचा कान पिळायचा, ही त्यांची माझ्या जन्माआधीपासूनची सवय. गेली काही वर्षं मिडियम वेव्हवर शब्द कमी आणि खरखरच जास्त ऐकू येते. एलईडी बल्ब, इन्व्हर्टर, चार्जर बंद केले की थोडं सुधारतं, पण अंधारात बसून किती दिवस ऐकणार? एफएम डोंगराआड अडतं. आता वाडीत फायबर आलंय, म्हणून नेटवरून रेडिओ लावून द्यावा म्हणतोय. मी पुण्याला, घरी आई आणि आण्णा दोघंच. काही अडलं तर मी महिन्यातून एकदा पोचणार. ज्यांनी असा प्लेअर घरात बसवलाय त्यांनी आपल्या गावाच्या नावासह अनुभव लिहावेत. किंमत आणि आवाज दुकानात कळतोच, रोजच्या वापरात काय अडतं ते मला हवंय.

मालवण

आमच्याकडे सगळ्यात स्वस्त मार्ग आहे: मोबाइलवर प्रसार भारतीचं ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅप आणि ब्लूटूथ स्पीकर. रत्नागिरी, पणजी, मुंबई, विविध भारती सगळं मिळतं, तेही फुकट. अडचण अशी की फोन माझा. मी बाजारात गेले की घरातला रेडिओ बंद. फोन आला की बातम्या मधेच तुटतात. म्हणून जुना मोबाइल सिम काढून फळीवर कायमचा ठेवला. वर्षभर रात्रंदिवस चार्जरला लावलेला असायचा, एक दिवस बघते तर मागचं झाकण उचललेलं, आत बॅटरी फुगलेली! लगेच काढून टाकला. तुम्ही जुना फोन वापरणार असाल तर रोज थोडा वेळ तरी चार्जर काढा, आणि त्याच्यावर पाठीमागून हात फिरवून बघत जा.

देवगड

भावाने परदेशातून खास इंटरनेट रेडिओ आणला. लाकडी खोका, आवाज सुरेख. पण त्यावर हजारो स्टेशनं लागायची आणि आपली आकाशवाणी मात्र लागेना. आठ दिवस डोकं खाजवल्यावर कारण कळलं. आकाशवाणीचं प्रसारण नेटवर एचएलएस पद्धतीने येतं, म्हणजे आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे करून एकामागून एक पाठवतात. आमचा सेट फक्त जुन्या पद्धतीचा सलग एमपी३ प्रवाह ओळखत होता.

दुसरा धक्का दोन वर्षांनी बसला. असा सेट स्टेशनांची यादी स्वतः बाळगत नाही, कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवरून घेतो. ती सेवा बंद झाली आणि एका सकाळी यादी कोरी. खोका ठणठणीत, पण लावायला काही नाही.

म्हणून घेण्याआधी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा. एचएलएस चालतं का? आणि स्टेशनचा नेटवरचा पत्ता (लिंक) आपल्याला स्वतः टाकता येतो का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर मी तरी तो सेट घेणार नाही.

सावंतवाडी

आजीसाठी बोलून चालणारा स्पीकर आणला. तिला दिसत कमी, म्हणून वाटलं हे उत्तम. ती प्रेमाने सांगायची, “गो बाय, विविध भारती लाय गो.” स्पीकर भलतंच काहीतरी लावायचा. चार दिवसांनी म्हणाली, “हेका माझी भाषा कळणा नाय. जावंदे.” मला ते फार लागलं. जन्मभर मालवणीत बोललेल्या बाईने ८३व्या वर्षी डब्यासाठी जीभ का वळवायची? आता त्यात वेळ लावून ठेवलीय. सकाळी सहाला आपोआप सुरू, साडेआठला बंद. मधे बदलायचं तर मी बदलते. तिला स्वतःच्या हाताने लावता येत नाही, ही खंत राहिलीच आहे.

हर्णै

३ जून २०२०चं निसर्ग वादळ आठवा. आमच्या वाडीत तीन आठवडे वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर मुके. दापोलीत काय झालंय, होड्यांचं काय, सगळं सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर कळलं. इंटरनेट रेडिओ जरूर घ्या, पण त्याच सेटमध्ये एफएम आणि सेलची सोय असेल असा बघा. नसेल तर जुना ट्रान्झिस्टर टाकू नका.

चौल

मी स्वतः बनवलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वडिलांच्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचं कपाट वाळवी लागायच्या बेतात होतं. ते साफ केलं, आत रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक-बोर्ड, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवला. समोर सहा खटक्यांचा फिरता स्विच. एका खटक्याला एक स्टेशन. पडदा नाही, यादी नाही, पासवर्ड नाही. कपाटावर पांढऱ्या रंगाने १ ते ६ आकडे काढलेत. बाबा अंधारात बोटांनी खटके मोजतात.

अडचणी तीन आल्या. आमच्या भिंती चिऱ्याच्या, दीड फूट जाडीच्या. राउटर ओटीवर आणि रेडिओ माजघरात, मधे दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय तिथे पोचतच नाही, २.४ तग धरतं. या बोर्डाला २.४च चालतं, त्यामुळे राउटरवर ते बंद करून चालणार नाही. दुसरी अडचण वीज. ती अचानक गेली की मेमरी कार्डावरची माहिती खराब व्हायची, मी दोन कार्डं घालवली. शेवटी कार्ड ‘फक्त वाचा’ असं करून टाकलं, तेव्हापासून त्रास नाही. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय, दोन-तीन तास निघतात. तिसरी वीज आकाशातली. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढायचा, हे बाबांना पाठ आहे.

डेटाची काळजी करणाऱ्यांसाठी हिशेब: ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) प्रवाह तासाला साधारण २९ एमबी खातो. रोज दहा तास ऐकलंत तरी महिन्याला ९ जीबीच्या आत.

वेंगुर्ले

दोन बारीक गोष्टी. खाऱ्या हवेने सेलच्या पत्र्यांवर हिरवा थर चढतो, महिन्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसा. आणि नेटवरचे वेळेचे ठोके उशिरा येतात, आमच्याकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास. त्यावर घड्याळ लावू नका.

वेळणेश्वर, पुन्हा

चौलच्या भाऊंनी लिहिलं तसाच करून घेतला. सहाऐवजी चारच खटके ठेवले: रत्नागिरी, विविध भारती, पणजी आणि मुंबईची अस्मिता वाहिनी. देवगडच्या इशाऱ्यामुळे चारही पत्ते आधी पुण्यात तीन दिवस वाजवून पाहिले. परवा माजघरात फळीवर बसवला. आण्णांनी कान पिळला. रत्नागिरी स्वच्छ लागलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग आईला हाक मारून म्हणाले, “अगं, इकडे ये, खरखर नाही बघ.” आईने तिसरा खटका स्वतःहून शोधला, तिला पणजीची कोंकणी गाणी हवी असतात.

ट्रान्झिस्टरमधले सेल काढून तो डब्यात घालून देवघराच्या कपाटात ठेवलाय. नवे सेल त्याच डब्यात, वेगळ्या पिशवीत.