टाकीत समुद्रफूल आणावं का?

प्रश्न: २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, सुरू होऊन ४ महिने झाले. क्लाउनफिशची जोडी आहे. खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६, अमोनिया शून्य, नायट्रेट २० पीपीएम. बबल टिप अ‍ॅनिमोन (समुद्रफुलाची एक जात) आणू का?

उत्तर १: एवढ्यात नको. अमोनिया शून्य असला तरी टाकी मुरायला वर्षभर लागतं. तोवर नायट्रेट १०च्या खाली आणून तिथेच टिकवा. क्लाउनचं अ‍ॅनिमोनवाचून काही अडत नाही, अंडीही घालतात.

उत्तर २: वेव्हमेकरला (पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंख्याला) जाळी आहे का? जागा पटली नाही की अ‍ॅनिमोन रात्रीतून सरकतो, पंख्यात ओढला जातो आणि त्याच्या चिंध्या होतात. तो कुजला की अमोनिया चढतो, मासेही जातात. असं झालंच तर तुकडे लगेच काढा, २५-३० टक्के पाणी बदला, फिल्टरमध्ये कार्बन (पाण्यातली घाण शोषणारा कोळसा) टाका.

प्रश्नकर्ता: थांबतो मग. दुकानात पारखायचा कसा?

उत्तर १: तोंड घट्ट मिटलेलं हवं आणि पाय, म्हणजे बुडाचा भाग, काचेला किंवा दगडाला पक्का चिकटलेला. तोंड सैल, आ वासलेलं असेल तर घेऊच नका. पांढराफटक म्हणजे प्रकाशावर त्याचं अन्न बनवणारं आतलं शेवाळ गेलेलं, उपाशी जीव. भडक पिवळा बहुधा रंगवलेला असतो. दुकानदार ओरबाडून काढत असेल तर थांबवा, पाय फाटला की त्याचं जगणं अवघड होतं. दगडासकट मिळाला तर उत्तम.

उत्तर २: खाऊ म्हणून आठवड्यातून एकदा वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा पुरे. मुख्य पोट प्रकाशावरच भरतं, त्यामुळे साधा एलईडी चालणार नाही.