'पर्सन' म्हणजे इसम की व्यक्ती?

कृष्णाकाठ (सांगली):
वकिलीत पहिल्यांदा शिरलेल्या बायकांवर एका वाचनालयासाठी मराठी फलक लिहिते आहे. रेजिना गुहांच्या फलकावर अडले. कलकत्त्याच्या या बाई एम.ए., बी.एल. झालेल्या. १९१६ मध्ये त्यांनी अलीपूरच्या कोर्टात प्लीडर, म्हणजे खालच्या कोर्टातला वकील, म्हणून नाव नोंदवण्यासाठी अर्ज केला. हायकोर्टाच्या पूर्णपीठानं तो फेटाळला. वकिलांबद्दलच्या १८७९ च्या कायद्यातल्या 'पर्सन' या शब्दात बाई धरता येत नाही, असा अर्थ लावला. मी लिहिलं, "कायद्याच्या लेखी स्त्री ही व्यक्ती नव्हती." इथल्या एका ज्येष्ठ वकीलसाहेबांनी 'व्यक्ती' खोडून 'इसम' केलं. मला ते खटकतंय, पण त्यांचं म्हणणं खोडताही येत नाही. मराठीत 'व्यक्ती' स्त्रीलिंगी आहे. साडेसहा फुटी पैलवान आला तरी 'ती व्यक्ती आली'. मग त्या 'ती'मध्ये बाईच बसत नाही, हे वाचणाऱ्याला पटणार कसं?

अजिंक्यतारा (सातारा):
वकीलसाहेब बरोबर आहेत. पंचनामा काढून बघा. "एक अनोळखी इसम" म्हटलं की तो पुरुषच. बाई असली की "एक अनोळखी महिला" लिहितात. म्हणजे आपल्याकडच्या कागदांनी 'इसम'मधून बाईला केव्हाच बाहेर ठेवलंय. निकालात जे घडलं ते हा एकटा शब्द सांगतो, वेगळी टीप द्यावी लागत नाही. मूळ अरबी 'इस्म' म्हणजे नाव. नाव नोंदवायला गेलेल्या बाईला 'इसम नाही' म्हणून परत पाठवलं, यापेक्षा नेमका शब्द कुठला मिळणार?

मेणवली:
'इसम' वाचून लोकांना पोलीस ठाणं आठवेल, रेजिना गुहा नाही. सरळ 'माणूस' लिहा. आमच्या वाईकडं 'बाईमाणूस' हा रोजचा शब्द आहे. कोर्टाला त्यातली बाई दिसली, माणूस दिसलं नाही. शाळकरी पोरीला हे एका ओळीत समजेल.

हळदबाजार (सांगली):
मेणवली, भावना पोचते, पण हा फलक कायद्याचा आहे. "बाई माणूस नाही" असं न्यायमूर्ती म्हणाले नव्हते. त्या एका कायद्यातल्या त्या एका शब्दापुरतं ते बोलले, आणि अन्याय नेमका त्यातच आहे. पुल्लिंगी शब्दात स्त्रियाही येतात असं कलम १८७९ च्या वेळीही होतं. कायद्यातल्या शब्दांचा अर्थ कसा लावायचा हे सांगणाऱ्या, आजही लागू असलेल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये ते १३ वं. पण विषय किंवा संदर्भ आड येत नसेल तरच, ही पुस्ती त्याला जोडलेली. पाच वर्षांनी, १९२१ मध्ये, पाटण्यात सुधांशुबाला हाजरांनाही तेच उत्तर मिळालं. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टानं मात्र कॉर्नेलिया सोराबजींचं नाव नोंदवून घेतलं. कायदा तोच, शब्द तेच. म्हणून 'पर्सन' तसाच देवनागरीत ठेवा आणि खाली दोन ओळी लिहा.

मिरजमळा:
सोराबजी आपल्या नाशिकच्या, जन्म १८६६, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ऑक्सफर्डला बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीची परीक्षा १८९२ मध्ये दिली, पदवी हातात पडली १९२२ मध्ये. त्यांच्या फलकाला मथळा काय देताय? 'पहिली महिला वकील' नको, ती इंग्रजीची सावली आहे. 'पहिल्या वकिलीणबाई' म्हणा.

अजिंक्यतारा:
मिरजमळा, हे अजिबात चालणार नाही. साताऱ्यात आमच्या वाड्यातल्या आजींना सगळे वकिलीणबाई म्हणायचे. आजोबा वकील होते म्हणून. आजी कोर्टाची पायरी कधी चढल्या नाहीत. सोराबजींनी आयुष्यभर लग्न केलं नाही आणि तुम्ही त्यांना कुणा वकिलाची बायको करताय.

मिरजमळा:
मग मास्तरीणबाई? त्या स्वतः शिकवायच्या. परटीण स्वतः कपडे धुते, माळीण स्वतः माळवं विकते. मोलकरीण कुठल्या मोलकऱ्याची बायको? सुईण कुणाची? '-ईण' लावलं की बायको, हा अर्थ पाटलीण, सुभेदारीण अशा पदांना चिकटला, कारण ती पदं बायकांना मिळतच नव्हती. आता पद मिळालंय तर शब्दही त्यांचाच. विधिज्ञ, अधिवक्ता हे हिंदीच्या वाटेनं आलेले शब्द कुणाच्या तोंडी आहेत?

मेणवली:
'वकील' तरी कुठं मराठी? तोही अरबी. पण इथं मुरलेला. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात आपली बाजू मांडणारा. प्रतापसिंह महाराजांना १८३९ मध्ये पदच्युत केल्यावर रंगो बापूजी गुप्ते लंडनला जाऊन वर्षानुवर्षं भांडले, ते साताऱ्याचे वकील म्हणूनच. ना सनद, ना काळा कोट. या अर्थानं सोराबजी १९२१ च्या कितीतरी आधी वकील होत्या. १९०४ पासून बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे अज्ञान वारसांच्या आणि बायकांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या सरकारी खात्यात, पडदानशीन बायकांची बाजू त्याच मांडत होत्या. त्यामुळे 'पहिली' कधीपासून धरायची, हे आधी ठरवा.

हळदबाजार:
सनद आणि वकिली एकत्र करू नका. सनदेचा अडसर काढला तो १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्टनं. केवळ स्त्री आहे एवढ्यावरून अपात्र ठरवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट घातलं. त्याच साली मिठन टाटा लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात उभ्या राहिल्या. 'पहिली' लिहायचं तर पुढं कोर्ट लिहा, दर्जा लिहा. तेव्हा वकील, प्लीडर, ॲडव्होकेट, बॅरिस्टर हे वेगवेगळे होते.
आणि '-ईण' कशाला हवं? आमच्याकडं पोरी बिनधास्त "मी कोर्टात गेलतो" म्हणतात, त्यांचं बाईपण कुठं कमी होत नाही. साक्षीदार, पक्षकार, फिर्यादी बाईलाही तेच शब्द. सातबाऱ्यावर बाईचं नाव चढलं तरी ती भोगवटादारच.

कृष्णाकाठ:
मथळा 'पहिल्या वकील' असा आदरार्थी बहुवचनी करून बघते, म्हणजे महिला आणि -ईण दोन्ही टळतील. पण सगळ्यांनी 'पर्सन'कडे जरा परत या ना. फलक छापायला द्यायचाय.

मिरजमळा:
ताई, 'पहिल्या वकील' वाचताना जीभ अडखळते, कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावा. आणि हळदबाजार, भोगवटादार काय सांगता, त्याच शेताच्या बांधावर तिला 'मालकीण' म्हणतात. नवरा हयात असो नसो, जमीन तिची म्हणून म्हणतात.

अजिंक्यतारा:
मालकाच्या बायकोलाही मालकीणच म्हणतात, जमीन तिच्या नावावर नसली तरी. शिवाय तुमच्या यादीतली सुईण काढून टाका. तिचं नातं सूतिकेशी, म्हणजे बाळंतिणीशी आहे, त्या 'ण'चा बायकोशी संबंध नाही.

मिरजमळा:
तेच तर मी म्हणतोय! संबंध नाही, तरी तोंडात '-ईण'च बसलं ना?