जाण्यापेक्षा परतीचं बघा

सामना बघायला जाण्याबद्दल कुणीतरी म्हटलंय की मेट्रो स्टेडियमच्या दारात सोडते, मग स्वतःची गाडी हवीच कशाला. जाताना ते खरंच, कारण लोक थोडे थोडे येत असतात. सामना संपल्यावर मात्र सगळे एकदम बाहेर पडतात आणि जवळच्या स्टेशनवर दोर लावून गर्दी टप्प्याटप्प्याने आत सोडतात. अशा वेळी सरळ चालत एक स्टेशन मागे जावं, म्हणजे आपली मेट्रो जिकडून येते तिकडे. तिथे डब्यात निदान पाय ठेवायला जागा मिळते. मेट्रो कार्डात परतीपुरते पैसे आधीच भरा. त्या गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. बरोबर लहान मुलं असतील तर गर्दी ओसरेपर्यंत स्टेडियममध्ये जागेवरच बसा, फक्त रात्रीच्या सामन्याला शेवटच्या मेट्रोची वेळ पाहून.