प्रोफेशनल गेमिंग फेरारीपासून सुरू झालं हे मला पटत नाही

झर्ग_पुणेकर:
ई-स्पोर्ट्सचा, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांचा, इतिहास म्हटलं की लोक १९९७ ची फेरारीच सांगतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, 'क्वेक' या गोळीबाराच्या गेमच्या रेड ॲनिहिलेशन टूर्नामेंटमध्ये डेनिस फाँग उर्फ थ्रेश जिंकला आणि गेम बनवणाऱ्या जॉन कार्मॅकने स्वतःची लाल फेरारी ३२८ त्याला बक्षीस दिली. भारीच आहे ते, वाद नाही. पण जत्रेत एक फड मारणं वेगळं आणि तालमीत खुराक देऊन वर्षभर पैलवान पोसणं वेगळं. ते पोसायचं काम नीट केलं कोरियाने. ९७ च्या आर्थिक संकटात तिथे लोकांच्या नोकऱ्या गेल्या, मग गल्लोगल्ली पीसी बांग निघाले म्हणजे तिथले गेमिंगचे सायबर कॅफे, त्यात सरकारने ब्रॉडबँडवर जोर दिला आणि मार्च ९८ ला स्टारक्राफ्ट हा सैन्य उभारून लढायचा गेम आला, झालं, सगळी पोरं तिकडेच. २००० मध्ये केस्पा ही संघटना आली, गेमिंगला वाहिलेलं ऑनगेमनेट चॅनल आलं. माझ्या मते प्रोफेशनल हा शब्द तिथून पुढेच वापरावा.

रॉकेटजंप:
अजिबात नाही. थ्रेशला 'एकदा गाडी जिंकली' एवढ्यावर उडवून लावू नका राव. त्याच्याकडे स्पॉन्सर होते, गिनीजनेही पहिला प्रो गेमर म्हणून त्यालाच मान दिलाय. आणि त्याची तयारी बघा. क्वेकमध्ये आर्मर म्हणजे चिलखत उचललं की २० सेकंदांनी परत त्याच जागी येतं, हा माणूस ते डोक्यात मोजायचा आणि बरोब्बर वेळेला तिथे हजर, त्यामुळे समोरचा कायम अर्ध्या हेल्थवर पळतोय. फेरारीवाल्या स्पर्धेच्या अटलांटाच्या फायनलला स्कोअर होता १४ विरुद्ध उणे १! उणे, कारण स्वतःच्याच रॉकेटने मेलात तर पॉइंट कापला जातो. हा खेळ हौशी माणसाचा वाटतो का? शिवाय त्याच वर्षी डॅलसला सीपीएल (सायबरॲथलीट प्रोफेशनल लीग) सुरू झाली, म्हणजे लीग पण होती.

मंजू_आर्केड:
तुम्ही दोघंही नव्वदच्या अलीकडचंच बोलताय. १९८० मध्ये अटारी या गेम कंपनीने स्पेस इनव्हेडर्स या गेमची स्पर्धा घेतली होती, १०,००० च्या वर लोक खेळले, वेगवेगळ्या शहरांत निवड आणि मग न्यूयॉर्कला फायनल. जिंकली रेबेका हाइनमन, तेव्हा अजून विशीही गाठली नव्हती. पुढे ती प्रोग्रामर झाली, इंटरप्ले कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्याही आधी, ऑक्टोबर १९७२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात स्पेसवॉर या कॉम्प्युटर गेमची स्पर्धा झाली होती, बक्षीस काय तर रोलिंग स्टोन मासिकाची वर्षाची वर्गणी. ते प्रोफेशनल नव्हतं हे मान्य, पण स्पर्धेचा साचा तिथेच पडला आणि त्याचं नाव कुणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

झर्ग_पुणेकर:
मंजू, साचा पडला हे शंभर टक्के बरोबर. पण ती स्पर्धा संपल्यावर सोमवारी खेळाडू काय करत होता? लॅबमध्ये किंवा शाळेत परत. कोरियात स्टारक्राफ्टचा खेळाडू लिम यो-हवान, टोपणनाव 'बॉक्सर', सोमवारी पण सरावालाच बसायचा. गेममधली टेरन रेस म्हणजे माणसांची फौज दुबळी समजली जायची तेव्हा हा ड्रॉपशिप या उडत्या वाहनात मरीन म्हणजे सैनिक भरून समोरच्याच्या बेसच्या मागे उतरवायचा, पब्लिक वेडी व्हायची. २००४ ला त्याच्याच टीमला एसके टेलिकॉम या मोबाइल कंपनीने घेतलं, आणि त्याच वर्षी बुसानच्या ग्वांगल्ली बीचवर प्रोलीग या स्टारक्राफ्टच्या टीम-लीगची फायनल झाली तेव्हा आयोजकांच्या आकड्याप्रमाणे १,००,००० लोक आले. टीम, पगार, सीझन, टीव्ही सगळं एकत्र. अमेरिकेत ९७ ला यातलं एकेक सुटं सुटं होतं.

रॉकेटजंप:
पगार सगळ्यांना होता कुठे? टीम हाउसमध्ये दाटीवाटीने राहून दिवसाला दहा-बारा तास सराव करणाऱ्या बी-टीमच्या पोरांना जेवण आणि गादी सोडून हातात फारसं काही पडायचं नाही. पगार हीच कसोटी असेल तर कोरियातही मोजकेच प्रोफेशनल निघतील, आणि मग थ्रेशला बाहेर का ठेवायचं?

झर्ग_पुणेकर:
कारण ती बी-टीमची पोरं टीमचीच होती, त्यांच्या अंगावर खेळूनच बॉक्सर तयार होत होता आणि पुढच्या सीझनला त्यांच्यातलाच एखादा टीव्हीवर दिसायचा. थ्रेशने खेळणं सोडलं तेव्हा त्याच्या मागे रांगेत कोण उभं होतं, तेवढं सांगा.