शब्द हवा: डिरेक्टरीला 'क्वेरी' करणे

कंसकार
नमस्कार मंडळी. स्कीम शेल, म्हणजे स्कीम भाषेत संगणकाला आज्ञा द्यायचं ओलिन शिव्हर्सचं १९९४ चं एससीएसएच, त्यातून नेटवर्कवरची माहिती कशी काढायची यावर मुलांसाठी मराठीत टिपण लिहितोय. होस्ट-इन्फोला मशीनचं नाव दिलं की पत्ते मिळतात, यूझर-इन्फोला लॉगिन नाव दिलं की होम फोल्डर वगैरे मिळतं, पुढे एलडॅप, म्हणजे माणसांच्या-मशीनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला (त्यालाच इथे डिरेक्टरी म्हणतात) नेटवर्कवरून विचारायची पद्धत. अडलंय ते 'डिरेक्टरीला क्वेरी करणे' इथे. मी लिहिलं "निर्देशिकेस पृच्छा करणे" तर एका मुलीनं विचारलं, सर निर्देशिका म्हणजे फोल्डरच ना, मग फोल्डरला काय विचारायचं? तिचं बरोबर आहे, दोन पानं आधी फोल्डरसाठी मीच निर्देशिका वापरलंय. सुचवा काहीतरी.

आडवाट
पृच्छा कोण बोलतं हो आता. "डिरेक्टरीला विचारा" लिहा, झालं. नाम हवंच असेल तर विचारणा. चौकशी नको, आमच्याकडे चौकशी लागली म्हणजे माणूस सस्पेंडच व्हायचा.

शुद्धमती
कोण बोलतं हा निकषच चुकीचा आहे. दिनांक, महापौर हे शब्द सावरकरांनी दिले तेव्हा तरी कोण बोलत होतं? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तेव्हा पेशवा, मुजुमदार, सुरनीस रुळलेलेच होते की, तरी प्रधान, अमात्य, सचिव आणलेच ना. मुलं पहिल्यांदा शिकतायत, त्यांना जो द्याल तो शब्द त्यांचा होईल. पृच्छा सोडू नका.

आडवाट
आणि पुढे शंभर वर्षं राज्य कोणी चालवलं, पेशव्यांनीच ना? पंतप्रधान होते ते, पण लोक पेशवेच म्हणत राहिले, मुजुमदार आडनावं पण आजही आहेतच.

जुनी वही
माझं मत दप्तर. आजोबा तलाठी होते, माणूस यायचा, गट नंबर सांगायचा, आजोबा दप्तर काढून नोंद वाचून दाखवायचे, त्या माणसानं स्वतः दप्तराला हात लावायचा नाही. फोल्डर आणि डिरेक्टरी सर्विसमधे नेमका हाच फरक आहे, फोल्डर आपण उघडतो आणि सर्विसला आपण विचारतो, मधे कोणीतरी बसलेला असतो. शब्द फारसीतून आला, त्याच्या मागे ग्रीक डिफ्थेरा म्हणजे कातडं, लिहायचं चामडं. इतका फिरून आलेला शब्द आपलाच म्हणायचा. 'दप्तरी विचारणा' कसं वाटतं?

आडवाट
छान आहे पण मुलं पाठीवरची बॅग समजतील.

सर्व्हररूम
या सगळ्यात यूझर-इन्फो नेमकं कुणाला विचारतं हे पण टिपणात लिहा सर. ते आतून सी लायब्ररीच्या फंक्शनला हाक मारतं आणि ते फंक्शन एनएसस्विच फाइल बघतं, तिथे पासवर्डच्या ओळीत फाइल्स मग एलडॅप असं लिहिलं असेल तर आधी लोकल फाइल, नाही सापडलं तर एलडॅप. म्हणजे स्कीममधे तुमची ओळ तीच राहते, उत्तर देणारा बदलतो. आणि नावांचंच बोलायचं तर सन कंपनीच्या एनआयएसचं (नेटवर्कवरून अशाच नोंदी देणारी जुनी सेवा) मूळ नाव यलो पेजेस होतं, तो ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघाला म्हणून बदललं, पण कमांड वायपीकॅट, वायपीमॅच अशाच राहिल्या. मी कित्येक वर्षं टाइप केल्या, वायपी म्हणजे काय ते फार उशिरा कळलं. शब्द असेच टिकतात शुद्धमती ताई, कोणी ठरवून नाही.

शुद्धमती
हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. कोणीतरी ठरवून दिलं म्हणूनच टिकलं.

फर्दनवीस
दप्तरापेक्षा फर्द घ्या. फर्द म्हणजे याद्यांचा कागद, फडणीस हा फर्द-नवीसच. डिरेक्टरी म्हणजे फर्द आणि सर्व्हर म्हणजे फडणीस!

जुनी वही
फर्द एक कागद असते, दप्तर म्हणजे सगळा गठ्ठा. एलडॅपमधे झाड असतं, फांदीखाली फांदी, ते एका कागदात बसत नाही.

कंसकार
झाडावरून आठवलं, डीएनला (डिस्टिंग्विश्ड नेम, एलडॅपमधल्या नोंदीचं पूर्ण नाव) मी "विशिष्ट नाव" लिहिलं आणि सीएनला (कॉमन नेम) "सामान्य नाव", दोन्ही वाचून काही कळत नाही. पण डीएनची रचना समजवायला एक सापडलं, ते आपल्या पत्त्यासारखंच असतं, आधी माणूस, मग मु. पो., तालुका, जिल्हा, लहानाकडून मोठ्याकडे. मुलांना लगेच पटलं. अजून एक, एलडॅपचा फिल्टर स्कीमसारखाच कंसात असतो आणि क्रिया आधी येते, (&(एसएन=कुलकर्णी)(एल=पुणे)), फक्त आतलं बरोबर चिन्ह मधे राहतं. हे मराठीत "दोन्ही हवं: आडनाव कुलकर्णी, गाव पुणे" असं वाचलं की सरळ उतरतं. पण बाइंडला काय म्हणू? "बांधणे" लिहवत नाही.

सर्व्हररूम
बांधणे अजिबात नको. बाइंड म्हणजे मी अमुक आहे हे सर्व्हरला पटवून देणं. आणि अनबाइंड त्याच्या उलट नाहीच, तो सरळ कनेक्शन बंद करतो. बांधणे-सोडणे लिहिलंत तर मुलं अनबाइंड करून दुसऱ्या नावाने पुढे जायला बघतील आणि अडकतील. दुसरं नाव हवं तर त्याच कनेक्शनवर परत बाइंड करायचं.

जुनी वही
मग 'रुजू होणे'. माणूस कचेरीत रुजू होतो तसं.

शुद्धमती
रुजू होणारा त्या कचेरीचा माणूस होतो, हा तर बाहेरून विचारायला आलेला आहे. आणि रुजू पुन्हा अरबी. 'ओळख पटवणे' चांगलं आहे, अस्सल मराठी आहे आणि अर्थही तोच.

आडवाट
ओळख पटवणे म्हटलं की मला मॉर्ग आठवतं. पण रुजू अरबी म्हणून नको आणि दप्तर फारसी म्हणून नको, मग ज्या कागदावर हे लिहिणार तो कागद कुठला?

शुद्धमती
कागद राहू द्या, त्याला पर्याय रुळला नाही. इथे पर्याय आहे म्हणून म्हणते.

फर्दनवीस
आमच्या वऱ्हाडात शाळेची पिशवीच म्हणतो, त्यामुळे दप्तर म्हटलं तर आमच्या पोरांना बॅग आठवणार नाही. बाकीच्यांकडे काय म्हणतात?

जुनी वही
सातारकडे दप्तरच. पण घरी आज्जी ट्रंकेतल्या जमिनीच्या कागदांनापण दप्तरच म्हणायची.